अणू, मूलद्रव्यं आणि पदार्थाची रचना : मुलांना कोणत्या क्रमाने शिकवावं

नववीतल्या मुलाला कार्बनचा अणू काढायला सांगा. मधे केंद्रक, भोवती दोन वर्तुळं, आतल्या वर्तुळावर दोन आणि बाहेरच्यावर चार इलेक्ट्रॉन, असं चित्र तो अर्ध्या मिनिटात काढून देतो. मग त्यालाच विचारा, की उकळत्या पाण्यातून भसाभस वर येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं. ‘हवा’ म्हणणारे खूप भेटतात. ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ म्हणणारे त्याहून हुशार समजले जातात आणि तेही चुकलेले असतात. त्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते. रेणू तेच, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले.

चित्र पाठ आहे, पण पदार्थ कणांचा बनलेला असतो हे पटलेलं नाही, अशी ही स्थिती आहे. मूल कच्चं असतं म्हणून ती येत नाही. शिकवण्याचा क्रम उलटा असतो म्हणून येते. वर्तुळांचं चित्र शेवटी यायला हवं, ते पहिल्याच दिवशी फळ्यावर येतं. इंदूरमध्ये घरी मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी अशा घरांतल्या मुलांची यात आणखी एक अडचण होते, ती तयारीत सांगते. पालक, ताई-दादा, शिकवणी घेणारे, सगळ्यांना हा क्रम घरच्या सामानावर जमेल.

तयारी

सामान आधी गोळा करा. मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज आणि चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट आणा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, ॲल्युमिनियम फॉइलचा रोल, सोड्याची दोन लिटरची रिकामी बाटली, खाण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, नऊ व्होल्टची बॅटरी, दोन शिसपेन्सिली आणि एक चुंबक काढून ठेवा. दोन परीक्षानळ्या आणि १०० मिलिलिटरचा मोजपात्राचा नळकांडा मिळाला तर उत्तम. आवर्तसारणीचा (मूलद्रव्यांच्या मांडणीचा) तक्ता खजुरी बाजारात मिळेल, पण तो एवढ्यात भिंतीवर लावू नका.

दुसरी तयारी शब्दांची. मराठीत अणू म्हणजे ज्याला हिंदीच्या पुस्तकात ‘परमाणु’ म्हणतात तो. आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. आजोबा घरी मराठीत समजावतात, ‘अणू एकत्र येऊन रेणू होतो’, आणि मूल शाळेच्या वहीत लिहितं, ‘अणु सबसे छोटा कण है’. दोघांचाही हेतू चांगला, पण पेपरात गुण जातात. वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा : मराठी, हिंदी, इंग्रजी. अणू–परमाणु–ॲटम. रेणू–अणु–मॉलिक्यूल. मूलद्रव्य–तत्व–एलिमेंट. संयुग–यौगिक–कंपाउंड. केंद्रक–नाभिक–न्यूक्लियस. संयुजा–संयोजकता–व्हॅलन्सी. मूल ज्या माध्यमात परीक्षा देतं तो रकाना लाल पेनने गोल करा. बोलताना भाषा मिसळली तरी चालेल, लिहिताना तोच रकाना.

तपासा : ‘पाण्याच्या एका रेणूत किती अणू?’ हा प्रश्न तिन्ही भाषांत विचारा. तिन्ही वेळा ‘तीन’ हेच उत्तर आलं की पुढे चला.

टप्पा १ : कण आहेत, हे आधी हाताला कळू द्या

सिरिंजमध्ये हवा भरा, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या आत ढकलायला सांगा. तो बराच आत जातो आणि सोडला की परत येतो. आता तीच सिरिंज पाण्याने भरा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, सिरिंज उभी धरून टिचक्या मारा म्हणजे बुडबुडे वर जमतील आणि बाहेर काढता येतील. पुन्हा ढकला. दट्ट्या हलतच नाही. लगेच स्पष्टीकरण देऊ नका. ‘आत काय असेल म्हणजे असं होईल?’ एवढंच विचारा आणि वहीत चित्र काढायला लावा.

बहुतेक मुलं हवेचे ठिपके काढून मधली जागा निळी रंगवतात. का रंगवली म्हणून विचारलं तर म्हणतात, मधे हवा आहे. इथेच थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हवेचे कण काढले, मग त्यांच्यामध्ये पुन्हा हवा कुठून आली? कणांमधली जागा रिकामी असते, अगदी काहीही नसलेली. ही गोष्ट मोठ्यांनाही पचायला जड जाते. एक दिवस फक्त यावर गेला तरी जाऊ द्या.

मग रंगाचा प्रयोग करा. १०० मिलिलिटर पाण्यात परमँगनेटचे दोन-तीन खडे टाका. गडद जांभळं पाणी होईल. त्यातलं १० मिलिलिटर घेऊन ९० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात घाला. पुन्हा त्यातलं १०, पुन्हा ९०. प्रत्येक वेळी रंग दहापट पातळ होतो. पुस्तकांत पाच ते आठ वेळा करायला सांगतात, प्रत्यक्षात तीन-चार वेळांनंतरच पांढऱ्या कागदावर ग्लास ठेवून बघावं लागतं. तरीसुद्धा तिसऱ्यांदा पातळ केलेल्या ग्लासात हजारपट पातळ झालेला रंग दिसतो, म्हणजे त्या दोन-तीन खड्यांत कण किती असतील याचा अंदाज मुलाला येतो. रंग दिसेनासा झाला म्हणजे कण संपले, असं मात्र ठरवू देऊ नका. डोळ्याला दिसत नाहीत इतकंच.

सावधान : परमँगनेट मोठ्यांनीच हाताळावं. हाताला आणि ओट्याला तपकिरी डाग पडतात, आणि ग्लिसरीनशी त्याची गाठ पडू देऊ नका, पेट घेतं.

या टप्प्यात नेहमी होणाऱ्या दोन चुका आहेत. पहिली साखरेची. नळकांड्यात साखर मोजली तर ५० ग्रॅम साखर साधारण ६० मिलिलिटरपर्यंत येते. ती १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की पातळी १३० च्या आसपास थांबते. ‘बघा, साखरेचे कण पाण्याच्या कणांमधल्या जागेत गेले’ असं सांगायचा मोह होतो. पण जे ३० मिलिलिटर गायब झाले ते मुख्यतः साखरेच्या दाण्यांमधल्या हवेचे होते. रेणूंमधल्या जागेचा पुरावा म्हणून हा प्रयोग वापरू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत इथेनॉल असेल तर ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र करा. मिश्रण थोडं गरम होतं, ते निवल्यावर मोजलं तर १०० ऐवजी ९६-९७ भरतं. इथे मधे हवा नव्हती, दोन्ही द्रवच होते. पुरावा याला म्हणावं.

दुसरी चूक उदबत्तीची. पंखा चालू ठेवून खोलीच्या कोपऱ्यात उदबत्ती लावायची आणि वास आला की ‘विसरण झालं’, म्हणजे कण आपोआप पसरले, असं म्हणायचं. तो वास वाऱ्याने आणलेला असतो. पंखा बंद असला तरी खोलीतली हवा हलतच असते. विसरण दाखवायचं तर दोन सारखे ग्लास घ्या, एकात गार आणि एकात गरम पाणी, दोन्ही पाच मिनिटं स्थिर ठेवा, मग कडेने शाईचा एकेक थेंब सोडा आणि ढवळू नका. गरम पाण्यात रंग लवकर पसरतो.

टप्पा २ : किती लहान, ते मोजून बघू द्या

‘अणू खूप खूप लहान असतो’ या वाक्याने मुलाच्या डोक्यात काहीच उभं राहत नाही. मोजू द्या. फॉइलचा रोल ३० सेंटीमीटर रुंद असेल तर एक मीटर लांबीचा तुकडा कापा. क्षेत्रफळ ३००० चौरस सेंटीमीटर. घडी घालून काट्यावर ठेवा. समजा ९ ग्रॅम भरलं. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटीमीटरला २.७ ग्रॅम, म्हणून आकारमान ३.३३ घन सेंटीमीटर. त्याला ३००० ने भागा : जाडी सुमारे ०.००११ सेंटीमीटर, म्हणजे ११ मायक्रॉन. जी जाडी पट्टीने मोजता येत नाही ती मुलाने वजनावरून काढली.

आता सांगा, की ॲल्युमिनियमच्या अणूची रुंदी मीटरच्या एक अब्जाव्या भागाच्याही पावपट-तिसऱ्या भागाएवढी, साधारण ०.२९ नॅनोमीटर. ११ मायक्रॉनमध्ये असे किती अणू एकावर एक बसतील? जवळपास ३८ हजार. ज्या फॉइलमध्ये आपण पोळी गुंडाळतो त्याच्या जाडीत ३८ हजार थर. भागाकार मुलाला करू द्या, कॅल्क्युलेटर चालेल. तुमच्या रोलचा आकडा वेगळा येईल, तोच वहीत लिहा.

काटा एक ग्रॅमचा आहे, म्हणून एवढासा तुकडा मोजू नका. तुकडा जितका मोठा तितकी चूक कमी.

टप्पा ३ : मूलद्रव्य, संयुग, मिश्रण

याची व्याख्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. दोन प्रयोग आणि एक प्रश्न पुरेसा आहे.

पहिला प्रयोग पाण्याचा. दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिली बॅटरीच्या दोन टोकांना तारेने जोडा, खालची टोकं पाण्यात बुडवा. पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा आधी विरघळवा, नाहीतर वीज फारशी जाणारच नाही. दोन्ही टोकांवर बुडबुडे येतात, ऋण टोकावर जास्त. परीक्षानळ्या पाण्याने भरून उलट्या धरल्या तर अर्ध्या तासात फरक मोजता येतो. हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट यायला हवा. पेन्सिलवर ऑक्सिजन थोडा कमीच भरतो, कारण काही कार्बनशी संयोग पावतो आणि काही पाण्यात विरघळतो. आकडा बरोबर दुप्पट आला नाही म्हणून खोटा लिहू नका, कमी का आला ते लिहा.

सावधान : मीठ घालू नका, क्लोरीन वायू तयार होतो. स्टीलच्या टाचण्या वापरू नका, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरू शकतं. घरची वीज किंवा इन्व्हर्टरची बॅटरी या प्रयोगाजवळसुद्धा आणू नका.

दुसरा प्रयोग लोखंड आणि गंधकाचा. तो शाळेतच, शिक्षकांसमोर आणि खिडक्या उघड्या ठेवून. लोखंडाचा कीस आणि गंधक नुसते मिसळले की चुंबक लोखंड ओढून घेतं. तापवून संयुग झालं की ओढत नाही, असं शिकवतात. पण बऱ्याच वर्गांत तापवल्यावरही चुंबकाला काहीतरी चिकटतं आणि मुलं म्हणतात, मग हे मिश्रणच आहे. चूक वजनात असते. दोन्ही सारख्या वजनाचे किंवा अंदाजाने घेऊन भागत नाही. ७ ग्रॅम लोखंडाला ४ ग्रॅम गंधक लागतं. शाळेत ३.५ ग्रॅम लोखंड घ्या आणि गंधक २ ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. लोखंड उरलं तर चुंबकाला तेच चिकटतं. संयुगात प्रमाण ठरलेलं असतं, हे याच चुकीतून उत्तम शिकवता येतं.

आता प्रश्न. आमच्या इमारतीतली एक मुलगी तांब्याच्या तारेचा तुकडा बोटांत फिरवत होती. तिने विचारलं, ‘काकू, याचा एकच अणू काढला तर तोही असाच लालसर चकचकीत असेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाला विचारायलाच हवा. उत्तर आहे, नाही. रंग, चमक, कडकपणा, वितळणं हे असंख्य अणू एकत्र असतात तेव्हाचे गुण. एक अणू लालसर नसतो, गरम केला म्हणून फुगत नाही, बर्फ वितळतो तेव्हा पाण्याचा रेणू वितळत नाही. रेणूंमधली अंतरं आणि हालचाल बदलते. तार हातात ठेवूनच हे बोला, म्हणजे मुलाची नजर तारेवर आणि विचार अणूवर राहतो.

तपासा : हवा, पितळ, मीठ, ऑक्सिजन, दूध, सोनं. मुलाने तीन ढीग करावेत. पितळ संयुगात गेलं तर तांबं आणि जस्त कमी-जास्त प्रमाणात मिसळता येतं हे सांगा. ऑक्सिजन संयुगात गेला तर तो ‘दोन अणूंचा रेणू म्हणजे संयुग’ असं समजला आहे, ती गाठ आत्ताच सोडवा. एकाच प्रकारचे अणू असतील तर रेणू असला तरी मूलद्रव्यच.

टप्पा ४ : वजनाचा हिशोब

दोन लिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर व्हिनेगर घ्या. कागदाच्या छोट्या पुडीत ४ ग्रॅम खाण्याचा सोडा बांधा. बाटली, झाकण, पुडी सगळं एकत्र तोला. पुडी आत टाकून झाकण लगेच घट्ट लावा. फसफसणं थांबलं की पुन्हा तोला. वजन तेच. आता झाकण हळूहळू उघडा, फुस्स आवाज येईल, पुन्हा तोला. एक-दोन ग्रॅम कमी. जे गेलं त्यालाही वजन होतं.

हाच प्रयोग फुगा लावून करतात आणि वजन कमी आलं की गोंधळ उडतो. फुगलेला फुगा भोवतालची हवा बाजूला सारतो आणि हवा त्याला उचलून धरते. फुगा एक लिटर फुगला तर काटा साधारण १.२ ग्रॅम कमी दाखवतो. म्हणून बाटली वापरा.

सावधान : सोडा ४ ग्रॅमपेक्षा जास्त नको, बाटली काचेची तर अजिबात नको.

मग पाण्याचा हिशोब घ्या. अणूंच्या संख्येत हायड्रोजन आणि ऑक्सिजन २ ला १, वजनात मात्र १ ला ८, कारण ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या सोळापट जड. हे दोन आकडे मुलं हमखास अदलाबदल करतात. वहीत दोन्ही शेजारी-शेजारी लिहून घ्या, एकावर ‘मोजून’ आणि दुसऱ्यावर ‘तोलून’ असं लिहा.

टप्पा ५ : संज्ञा आणि सूत्रं

इथे वेळ घालवू नका. पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि वर लोखंड, तांबं, चांदी, सोनं, जस्त, शिसं. दररोज पाच. सोडियमची संज्ञा ‘एस’ का नाही हे मूल विचारेलच, ‘एनए’ ही संज्ञा लॅटिन ‘नॅट्रियम’वरून आली एवढं सांगा.

सूत्रांत एक गोष्ट पक्की करा. एच टू ओ मधला खाली लिहिलेला २ रेणूच्या आतला असतो. सूत्राच्या आधी लिहिलेला २ म्हणजे असे पूर्ण रेणू दोन. रासायनिक समीकरण संतुलित करताना मुलं खालचा आकडा बदलतात आणि पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून ठेवतात. मोलची (कण मोजायच्या एककाची) घाई नको.

टप्पा ६ : अणूच्या आत

आता आत जायचं. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, म्हणजे पदार्थात विद्युतप्रभार दडलेला आहे. हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, दमट हवेत फसतो. इंदूरच्या कोरड्या थंडीत छान होतो.

मग आकार. केंद्रकाचा व्यास अणूच्या व्यासाच्या साधारण एक लाखाव्या भागाएवढा. राजवाड्याच्या दारात एक सेंटीमीटरचा वाटाणा ठेवला आणि त्याला केंद्रक मानलं, तर अणूचा व्यास एक किलोमीटर होईल, शेजारचा अख्खा सराफा बाजार त्यात मावेल. आणि जवळपास सगळं वजन त्या वाटाण्यात. वर्तुळाचं चित्र काढण्याआधी हे सांगितलं नाही, तर मुलाला केंद्रक अणूच्या पावपट वाटतं, कारण पुस्तकात तसंच छापलेलं असतं. प्रत्येक चित्राखाली ‘प्रमाणात नाही’ असं लिहायची सवय लावा.

इलेक्ट्रॉन ग्रहासारखे फिरतात, असं शिकवू नका. नववीला कवचं पुरेत. कवच म्हणजे ऊर्जेचा टप्पा, रस्ता नव्हे. गॅसवर मिठाचं वरण उतू गेलं की ज्योत पिवळी होते, ती सोडियममधल्या इलेक्ट्रॉनने वरच्या टप्प्यावरून खाली येताना सोडलेल्या उजेडामुळे. पुढच्या वेळी वरण उतू गेलं की मुलाला हाक मारा.

शाळेला जमलं तर इंदूरच्याच राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्राला भेट द्या. तिथल्या इंडस-२ यंत्रात १७२ मीटर घेराच्या वलयातून इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि त्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांनी पदार्थातली अणूंची मांडणी अभ्यासली जाते. भेट शाळेने लेखी परवानगी घेऊनच ठरवावी, आणि हा टप्पा झाल्यावर. आधी नेलं तर मुलं मोठी यंत्रं बघून परत येतात, प्रश्न विचारत नाहीत.

टप्पा ७ : इलेक्ट्रॉनची मांडणी आणि आवर्तसारणी

आता वर्तुळं काढा. पहिल्या अठरापर्यंत मुलं बिनचूक जातात आणि पोटॅशियमला अडतात. १९ इलेक्ट्रॉन २, ८, ९ असे मांडतात, कारण तिसऱ्या कवचात १८ मावतात हे पाठ असतं. बाहेरच्या कवचात आठाच्या वर जात नाहीत, हा नियम आधी लागतो. म्हणून २, ८, ८, १. कॅल्शियम २, ८, ८, २. हे दोन रोज काढून घ्या.

दुसरी अडचण क्लोरीनची. अणुवस्तुमान ३५.५ बघून मुलाला वाटतं, एखाद्या अणूत अर्धा न्यूट्रॉन (केंद्रकातला प्रभार नसलेला कण) आहे. निसर्गात दर चार क्लोरीन अणूंमागे साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा. (३ × ३५ + ३७) ÷ ४ करायला लावा. ३५.५ वजनाचा एकही अणू कुठेच नाही.

तिसरी, आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गेलेला किंवा आलेला अणू. इलेक्ट्रॉन गेला की धन प्रभार येतो, हे ‘गेला म्हणजे उणे’ असं उलटं लक्षात राहतं. सोडियमच्या आयनात ११ प्रोटॉन (धन), १० इलेक्ट्रॉन (ऋण), अशी बेरीज-वजाबाकी प्रत्येक वेळी लिहून घ्या.

तक्ता आता भिंतीवर लावा. लावण्याआधी पहिल्या अठरा मूलद्रव्यांची कार्डं करा, प्रत्येकावर मांडणी लिहा आणि बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन सारखे असतील ती एकाखाली एक ठेवायला सांगा. लिथियमखाली सोडियम, फ्लुओरिनखाली क्लोरीन आपोआप येतात. हेलियम मात्र बेरिलियमवर जाऊन बसतो. त्याचं एकच कवच दोनांत भरतं म्हणून त्याची जागा निऑनवर, हे मुलाने स्वतः शोधलं तर फार चांगलं.

परीक्षा तोंडावर आली असेल तर टप्पा ४ मधला प्रयोग आणि टप्पा २ मधली फॉइल गाळा, फक्त आकडे सांगा. टप्पा १ मधली सिरिंज आणि टप्पा ३ मधली विभागणी गाळू नका. त्या दोन्हींना मिळून एक संध्याकाळ लागते, आणि पेन्सिलवरचे बुडबुडे तेवढ्यात शेजारी येत राहतात.